जन्माआधीचं नसणं, मरणानंतरचं नसणं

मरणाची भीती बहुतेक सगळ्यांना वाटते. जन्माआधी आपण नव्हतो, याची भीती मात्र कुणाला वाटत नाही. थोडा विचार केला तर ही गोष्ट चमत्कारिक आहे. आज पुसदमध्ये चाळिशीत असलेला माणूस १९३० साली कुठंच नव्हता. २१३० सालीही तो इथं नसेल. पहिल्या नसण्याबद्दल त्याला काहीच वाटत नाही. दुसऱ्या नसण्याचा विचार रात्री मनात आला तर मात्र झोप उडते. दोन्हीकडे नसणंच असेल, तर एकाला इतकी भीती आणि दुसऱ्याला साधी दखलही नाही, हे कसं? आणि हे शहाणपणाचं आहे का?

हा प्रश्न दोन हजार वर्षांपेक्षा जुना आहे. ग्रीक विचारवंत एपिक्युरस इसवी सनापूर्वी २७० मध्ये वारला. त्याचं म्हणणं होतं की, आपण आहोत तोवर मरण नाही आणि मरण आलं की आपण नाही. मग भीती कुणाला आणि कशाची? इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन कवी ल्युक्रेशियस त्याच्या विचारांचा वारसदार. त्यानं जन्माआधीच्या काळाला आरसा म्हटलं. मरणानंतर काय होईल हे पाहायचं असेल तर जन्माआधी काय होतं ते पाहा, असा त्याचा युक्तिवाद. यासाठी त्यानं दाखला दिला तो इतिहासातला. रोम आणि कार्थेज यांच्यातलं मोठं युद्ध त्याच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधीचं. त्या युद्धात सगळं जग हादरलं, पण आपण तेव्हा नव्हतो म्हणून आपल्याला काही जाणवलं नाही. मेल्यावरही जग उलटंपालटं झालं तरी असंच काही जाणवणार नाही, असं तो सांगतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा दाखला थांबायला लावतो. कारण तो तपासून पाहता येतो. कार्थेज आपल्यापासून फार दूर आहे. आपण तो वऱ्हाडाला लावून पाहू.

अडगाव, दुष्काळ आणि पानिपत

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी वऱ्हाडातल्या अडगावच्या मैदानात आर्थर वेलस्लीच्या फौजेनं नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. पुढं १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. ज्या जमिनीवर आपण राहतो तिचा मालक असा पन्नास वर्षांत दोनदा बदलला. माणसं मेली, गावं लुटली गेली, कर वसूल करणारे हात बदलले. आज पुसदच्या बाजारात उभं राहून कुणाला अडगावबद्दल विचारलं तर त्याच्या चेहऱ्यावर दुःखाची एक रेघ उमटणार नाही. ल्युक्रेशियस इथं बरोबर ठरतो.

दुसरं उदाहरण याहून जवळचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात वऱ्हाडानं दोन दुष्काळ पाहिले. त्यातला १८९९-१९०० चा फारच भीषण होता. पुसद तेव्हा वाशीम जिल्ह्यात होतं. १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळला जोडलं गेलं. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत वाढ व्हायची ती राहिली बाजूला, उलट जवळपास दीड लाख माणसं कमी झाली. त्यात आपलेच खापरपणजोबा, खापरपणजी, त्यांची न वाढलेली लेकरं असणार. शबे-बरातीला आपण कब्रस्तानात जातो, तेव्हा बहुतेकांचा फातिहा वडील, आजोबा, फार तर पणजोबांपर्यंत पोचतो. त्याच्या मागची माती सपाट झालेली असते आणि नावं कुणाला ठाऊक नसतात. याचं आपल्याला दुःख होत नाही. इथंही ल्युक्रेशियस बरोबर.

पण आता पानिपत घ्या. १४ जानेवारी १७६१. त्या दिवशी आपल्यापैकी कुणीच नव्हतं. तरी मराठीत एखाद्याचा सपशेल पराभव झाला की त्याचं 'पानिपत झालं' असं आपण आजही म्हणतो. पानिपतावर कादंबऱ्या, नाटकं, पोवाडे आले आणि वाचणारे-ऐकणारे रडले. अडीचशे वर्षांपूर्वीची लढाई महाराष्ट्राला आजही बोचते. ल्युक्रेशियस रोमऐवजी महाराष्ट्रात जन्मला असता तर त्याला दुसरा दाखला शोधावा लागला असता.

म्हणजे जन्माआधीच्या काळाबद्दल आपण पूर्ण उदासीन आहोत, हे खरं नाही. आपण उदासीन आहोत ते आपल्या स्वतःच्या नसण्याबद्दल. 'मी तेव्हा नव्हतो' याचं कुणाला काही वाटत नाही. 'आम्ही तेव्हा हरलो' याचं मात्र वाटतं. 'मी' जन्मापासून मरणापर्यंत असतो. 'आम्ही' मात्र मागंही पसरतं आणि पुढंही. ही गाठ सोडवल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. ती सोडवण्याआधी जुन्या लोकांनी या आरशात काय पाहिलं, ते बघू.

आरसा एक, चेहरे वेगळे

जन्माआधीच्या नसण्याचा दाखला फक्त ग्रीक-रोमनांनी दिला असं नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला हेच सांगतो. प्राणी आरंभी दिसत नाहीत, मध्येच तेवढे दिसतात आणि शेवटी पुन्हा दिसेनासे होतात. मग शोक कशाचा? १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी या श्लोकावर मराठीत भाष्य केलं. वाऱ्यानं पाण्यावर तरंग उठतो, सोन्याला दागिन्याचा आकार येतो, तसं हे दिसणं आहे, असे दाखले त्यांनी दिले. तरंग उठण्याआधी पाणी होतं, विरल्यावरही पाणीच आहे. एपिक्युरसच्या मते दोन्ही बाजूंना काहीच नाही, म्हणून भीती नको. ज्ञानेश्वरांच्या मते दोन्ही बाजूंना तेच एक आहे, म्हणून शोक नको. मांडणी अगदी उलटी, पण दोन टोकं सारखी मानण्याची पद्धत एकच.

कुरआनही माणसाला जन्माआधीच्या काळाकडे पाहायला लावतं. सूरह अल-इन्सानची सुरुवातच या प्रश्नानं होते की, माणूस नाव घेण्याजोगाही नव्हता असा एक काळ होऊन गेला नाही का? सूरह अल-बकराच्या २८ व्या आयतीत तर जन्माआधीच्या अवस्थेलाच मृतावस्था म्हटलं आहे. तुम्ही मृत होता, त्यानं जीवन दिलं, तो पुन्हा मृत्यू देईल आणि पुन्हा उठवेल, असा तिचा आशय. मक्केतले विरोधक कुजलेलं हाड दाखवून विचारत, याला कोण जिवंत करणार? सूरह यासीनमध्ये उत्तर आलं, ज्यानं पहिल्यांदा निर्माण केलं तोच. आधी तुम्ही नव्हता आणि तरी झालात. मग नंतर होणं अशक्य कसं?

इथं गंमत पाहण्यासारखी आहे. पुरावा तोच, 'तुम्ही आधी नव्हता.' एपिक्युरसच्या अनुयायानं त्यातून निष्कर्ष काढला की पुढं काही नाही, निश्चिंत राहा. कुरआननं निष्कर्ष काढला की पुढं उत्तर द्यायचं आहे, सावध राहा. जन्माआधीचं नसणं स्वतः काही बोलत नाही; आपण त्याला कोणता प्रश्न विचारतो त्यावर उत्तर ठरतं.

अरबी-फारसीतल्या विचारवंतांनी ही चर्चा पुढं नेली. नवव्या शतकातला अल-किंदी हा अरबांचा पहिला मोठा तत्त्वज्ञ मानला जातो. दुःख दूर करण्यावर त्यानं एक छोटी पुस्तिका लिहिली. तो म्हणतो, गर्भातल्या जिवाला विचारलं असतं की, बाहेर यायचं का, तर तो घाबरला असता. बाहेर आल्यावर त्यालाच सगळ्या पृथ्वीचं राज्य देऊन परत गर्भात जा म्हटलं तर तो जाणार नाही. मग या जगातून पुढं जाताना घाबरायचं का? तेराव्या शतकात मौलाना रूमींनी मसनवीत हाच गर्भाचा दाखला घेतला. रूमी १२७३ मध्ये कोन्यात वारले, ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीत समाधी घेतली. एकमेकांचं नावही न ऐकलेली ही दोन माणसं एकाच शतकात एकाच प्रश्नाभोवती फिरत होती. दोघांचाही स्मरणाचा मोठा दिवस जन्माचा नाही. एकाचा 'उरूस', म्हणजे शब्दशः लग्न, आणि दुसऱ्याचा समाधीचा सोहळा. मरणाच्या तारखेला यात्रा भरवणारा हा मुलूख आहे, हे आपण विसरतो.

हकीम आणि तत्त्वज्ञ अबू बक्र अल-राझी (मृत्यू सुमारे ९२५) यांनीही आपल्या 'अत-तिब्ब अर-रूहानी' या ग्रंथाचं शेवटचं प्रकरण मरणाच्या भीतीला दिलं. त्यांची भूमिका वैद्याची. आत्मा शरीराबरोबर संपतो असं मानणाऱ्याला मेल्यावर वेदना नाही, म्हणून भीतीला कारण नाही. आखिरत मानणाऱ्यानं आपली कर्तव्यं पार पाडली असतील तर त्यालाही कारण नाही. भीती हा रोग असेल तर दोन्ही प्रकारच्या रोग्यांना औषध आहे, असं ते मांडतात.

मग भीती चुकीची का?

आधुनिक तत्त्वज्ञांनी हा प्रश्न पुन्हा उघडला. अमेरिकी विचारवंत थॉमस नेगल यांनी १९७० च्या निबंधात म्हटलं की मरण वाईट असतं ते वेदनेमुळं नव्हे, हिरावून घेतल्यामुळं. साठाव्या वर्षी वारलेला माणूस सत्तरीपर्यंत जगू शकला असता. ती दहा वर्षं त्याची होती आणि ती गेली. जन्माआधीची वर्षं मात्र त्याची नव्हतीच. १९०० साली जन्मलेलं मूल म्हणजे 'मी' असूच शकत नाही, कारण माझे आईवडीलही तेव्हा नव्हते. लवकर जन्मण्याची संधी माझ्या हातून गेली, असं म्हणायलाच जागा नाही. जी वस्तू कधी आपली नव्हती ती गेल्याचं दुःख होत नाही, इतका हा हिशेब सरळ आहे.

ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ मध्ये एक उदाहरण दिलं. समजा, तुम्ही दवाखान्यात जागे झालात आणि काही आठवत नाही. नर्स सांगते की, एक तर काल तुमच्यावर दहा तासांची अत्यंत वेदनादायक शस्त्रक्रिया झाली, नाही तर आज दुपारी एक तासाची व्हायची आहे. कागद पाहून सांगते. तुम्ही मनात काय म्हणाल? बहुतेक सगळे म्हणतील, कालचीच झालेली असू दे. एकूण वेदना दहापट असली तरी चालेल, पण ती मागं पडलेली हवी. आपलं मन भविष्याच्या बाजूला झुकलेलं असतं. मरणाची भीती आणि जन्माआधीची बेफिकिरी या झुकावातूनच येते. पारफिटना स्वतःला हा झुकाव नसता तर बरं, असं वाटे.

माझ्या मते झुकाव सरसकट चुकीचा म्हणता येत नाही. आपला हात पुढच्या काळापर्यंत पोचतो, मागच्या काळापर्यंत पोचत नाही. शेतकरी येत्या पावसाची काळजी करतो, गेल्या वर्षीच्या पावसाची करत नाही, यात अविचार काय आहे? काळजी तिथंच उपयोगी असते जिथं काही करता येतं. अडचण तेव्हा होते जेव्हा काळजी कामाला लावण्याऐवजी माणसाला खाऊन टाकते.

आणि ल्युक्रेशियसच्या आरशात एक मोठी उणीव आहे. त्यात मरणाऱ्याचाच चेहरा दिसतो, मागं राहणाऱ्यांचा दिसत नाही. जन्माआधी आपण नव्हतो तेव्हा आपली वाट पाहणारं, आपल्यावाचून उपाशी राहणारं कुणी नव्हतं. मरणानंतर असतं. दोन्ही नसण्यांतला हा फरक यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांमुळं विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात आपला जिल्हा होता. मेलेल्याला आता काही जाणवत नाही, हे त्याच्या बायकोला सांगून काय उपयोग? सावकाराचं देणं, बँकेचं देणं, मुलीची फी तिच्यासमोर तशीच उभी असते. 'नसलो तरी काय बिघडतं' हा विचार मनात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवं की बिघडतं, आणि ते आपलं नाही, आपल्या माणसांचं बिघडतं. तसा विचार येत असेल तर घरच्यांशी, मित्राशी, डॉक्टरशी बोलायला हवं. पैगंबर मुहंमद (स.) यांनी संकटाला कंटाळून मरणाची इच्छाही करू नये, अशी ताकीद दिली आहे.

इथं विनोबांची आठवण येते. विदर्भातलंच पवनार त्यांचं ठिकाण. कुरआन मुळातून वाचता यावं म्हणून ते अरबी शिकले, 'कुराण-सार' हे संकलन केलं. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न आणि औषध घेणं थांबवलं आणि १५ नोव्हेंबरला ते गेले. आयुष्य पुरतं झालं असं मानून शांतपणे निरोप घेणाऱ्या वृद्ध संन्यस्त माणसाचं ते मरण होतं. इस्लामी दृष्टीला औषध सोडून मरण जवळ करणं पटणारं नाही, हे स्पष्ट सांगावं लागेल. तरी विनोबांची निर्भयता आणि कर्जानं पिचलेल्या तरुणाची हताशा या एका तराजूत टाकता येत नाहीत. एकाचा हिशेब पूर्ण झाला होता, दुसऱ्याचा अर्धवट सुटतो.

हिशेब कुठून सुरू होतो

मला या सगळ्या चर्चेत 'हिशेब' हाच शब्द महत्त्वाचा वाटतो. इस्लामी विचारात जन्म आणि मरण ही दोन टोकं हिशेबाच्या बाबतीत सारखी नाहीत. जन्माआधीचं कोणतंही ओझं माणसावर नाही. कुणीही दुसऱ्याचं ओझं उचलणार नाही, हे कुरआन पुन्हा पुन्हा बजावतं. मरणानंतर मात्र खातं लगेच बंद होत नाही. वारसांना वाटा मिळण्याआधी मृताचं कर्ज फेडावं लागतं. आणि हदीसनुसार तीन गोष्टींचं पुण्य चालू राहतं: सदका-ए-जारिया, लोकांच्या उपयोगी पडणारं ज्ञान आणि दुआ करणारी नेक औलाद. वक्फची सारी कल्पना यावरच उभी आहे. मुस्लिम कायद्यात न जन्मलेल्या माणसाला हिबा, म्हणजे बक्षीस, देता येत नाही. वक्फचा लाभ मात्र न जन्मलेल्या पिढ्यांनाही देता येतो.

मागं शून्य आणि पुढं चालू खातं, असा हा फरक आहे. म्हणून मागच्या नसण्याकडे निवांत पाहणं आणि पुढच्या नसण्याकडे गंभीरपणे पाहणं हे मला तर्काला धरून वाटतं. भीती म्हणून नाही, जबाबदारी म्हणून.

आता पानिपतची गाठ सुटते. 'आम्ही'च्या इतिहासाबद्दल हळहळ वाटणं नैसर्गिक आहे. ज्या भाषेत वाढलो तिच्या आठवणी आपल्याही होतात. पण आठवण वेगळी आणि हिशेब वेगळा. १९९० मध्ये पुसदला जन्मलेल्या मुसलमान मुलाकडून सतराव्या शतकातल्या बादशहाचा जाब मागितला जातो, तेव्हा त्याच्या जन्माआधीचा काळ त्याच्या खात्यावर लिहिला जातो. त्याच मुलाला पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा, पकडला जाऊन अब्दालीच्या गोटात मारला गेलेला इब्राहिमखान गारदी मात्र 'तुमचा' म्हणून कुणी दाखवत नाही. मराठीत 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमदही दाखवत नाही. नावे टाकायला जन्माआधीचा इतिहास चालतो, जमेला चालत नाही. हा कसला हिशेब? आणि हीच गोष्ट आपल्यालाही लागू आहे. जुन्या सत्तांचा मोठेपणा आपलाच असल्यासारखा मिरवणारे आपल्यातही आहेत. जे ओझं आपलं नाही ते नाकारायचं असेल, तर जो मुकुट आपला नाही तोही उतरवून ठेवायला हवा.

पुढच्या काळाचं काय करायचं, याचं उदाहरण पुसदच्याच इतिहासात आहे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात परवान्याशिवाय गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला आणि त्यांना कैद झाली. गवताची पेंढी किती किमतीची होती? पण जंगलावर गावाचा हक्क असावा, हे ज्या पिढीसाठी त्या माणसांनी म्हटलं ती जन्मलेलीच नव्हती. त्या दिवशी विळा हातात घेणाऱ्या अनेकांनी स्वातंत्र्य पाहिलं नसेल. आपण नसू त्या काळाबद्दल त्यांनी भीती बाळगली नाही, त्याची तरतूद केली. कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल, तर शक्य झाल्यास ते लावून टाका, ही हदीस याच वृत्तीची आहे.

आपल्याकडे बाळ जन्मलं की त्याच्या कानात अजान देतात. मय्यतीच्या नमाजला अजान नसते. जुनी माणसं सांगतात की, ती अजान आधीच झालेली असते. अजान आणि नमाज यांच्यामध्ये जेवढा वेळ मिळतो तेवढं आयुष्य. त्या अजानच्या आधीचं काही त्या बाळाच्या नावावर लिहू नये. त्यानंतरचं मात्र त्याचं त्यानंच लिहायचं आहे.